वर बर्फ, खाली नासके दूध

काही वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली ही गोष्ट. पावसला पाऊस धो धो लागलेला, आणि आमच्या घरात दूध नासत होते. सकाळी तापवून, निववून फ्रीजमध्ये ठेवलेले दूध संध्याकाळी चहात घातले, की चहा फाटलाच म्हणून समजा. पहिल्यांदा दूधवाल्याला बोल लागला. मग भांडे नीट घासले नाही म्हणून घरात कुरबूर झाली. फ्रीजवर मात्र कोणाचा संशय जाईना. जाणार कसा? वरचा कप्पा उघडावा तर बर्फ दगडासारखा घट्ट! ज्या यंत्रात बर्फ होतो ते यंत्र बिघडले असे म्हणायचे तरी कसे?

शेवटी मेकॅनिकला बोलावले. त्याने आत हात घालून पाहिला, मागे हात लावून पाहिला, "गॅस कमी झालाय" असे सांगितले आणि फ्रीज टेम्पोत घालून नेला. तिसऱ्या दिवशी गॅस भरून परत आला. दूध राहू लागले, आम्ही खूश. बारा-तेरा दिवस गेले आणि पुन्हा चहा फाटला. पुन्हा गॅस, पुन्हा पैसे, पुन्हा दोन आठवड्यांचे सुख. त्यानंतर एका रात्री झाड पडून तारा तुटल्या आणि दोन दिवस वीज नव्हती. फ्रीजखाली पाण्याचे तळे झाले ते पुसून काढले, दारे उघडी टाकली. वीज आली आणि काय सांगावे, फ्रीज खालीसुद्धा गारेगार! या खेपेला तर गॅस कोणीच भरला नव्हता.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आधी दोन्ही वेळा फ्रीज सुधारला तो गॅसमुळे नव्हे. दुकानात तो दोन दिवस बंद पडून राहिला होता, म्हणून सुधारला. बंद राहिल्याने यंत्र सुधारावे, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण त्यातच या दुखण्याचे सगळे मर्म आहे.

आपल्याकडे विजेचे पंप येण्यापूर्वी माडा-पोफळींच्या बागेला पाणी कसे जाई ते आठवा. विहिरीवर रहाट. रहाटाचे लोटे पाणी वर आणून पन्हळीत ओतीत, पन्हळीतून ते पाटात जाई आणि पाटातून झाडाच्या आळ्यात. आता समजा, रहाट कुरकुर करीत चालला आहे, पन्हळ भरून वाहते आहे, पण बागेच्या खालच्या टोकाची पोफळ सुकली. तुम्ही काय कराल? विहीर आणखी खोल खणाल काय? नाही. पाट कुठे तुंबला, कुठे फुटला ते आधी पाहाल.

दोन दारांच्या फ्रीजमध्ये नेमकी हीच व्यवस्था असते. बर्फाचा कप्पा आणि खालचा कप्पा अशी थंडी तयार करणारी दोन यंत्रे त्यात असतात असा पुष्कळांचा समज आहे. बहुतेक फ्रीजमध्ये थंडी तयार होते ती एकाच ठिकाणी, बर्फाच्या कप्प्याच्या मागे, पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पडद्याआड असलेल्या कॉइलवर. कॉइलजवळ एक छोटा पंखा असतो. तो गार हवा थोडी वरच्या कप्प्यात फिरवतो आणि थोडी एका बोगद्यातून खाली सोडतो. त्या बोगद्याच्या तोंडाशी एक झडप असते, तिला डॅम्पर म्हणतात. कॉम्प्रेसर हा रहाट, पंखा आणि बोगदा हा पाट. (शास्त्र शिकवणारे गुरुजी म्हणतील की थंडी म्हणजे काही वस्तू नव्हे, ती उष्णतेची उणीव. फ्रीज आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो इतकेच. ते खरे आहे. पण पाटाच्या हिशेबाला "थंडी वाहते" म्हटले तर बिघडत नाही.)

म्हणून वर बर्फ आहे आणि खाली ऊब आहे, तर पहिला निष्कर्ष असा, की थंडी तयार होते आहे, पण पोचत नाही.

आता पाट तुंबतो कशाने? बर्फानेच! आणि इथे पावसचे हवामान मध्ये येते.

आषाढात आपल्याकडची हवा ३० अंश तापमानाची आणि ८५ टक्के दमट धरली, तर तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. हीच हवा ४ अंशांपर्यंत गार केली, तर तिला जेमतेम ६ ग्रॅम पाणी धरता येते. उरलेले २० ग्रॅम कुठे तरी बसणारच, आणि ते फ्रीजमधल्या सर्वांत थंड जागी, म्हणजे कॉइलवर जाऊन गोठते. अर्ध्या भरलेल्या फ्रीजमध्ये १२० लिटरांच्या आसपास हवा असते. दार उघडले की ती खाली सांडते आणि बाहेरची आत येते. एका वेळी फार तर अडीच ग्रॅम पाणी. ते काहीच नव्हे. पण मुले सुटीवर घरी असली म्हणजे दार दिवसातून चाळीस वेळा तरी उघडते. म्हणजे शंभर ग्रॅमपर्यंत गेले. दर वेळी सगळीच हवा बदलत नाही, म्हणून निम्मे धरा, तरी महिन्याकाठी दीड किलो बर्फ झाला. उलट सोलापूरकडे भर एप्रिलच्या दुपारी हवा ४० अंश आणि २० टक्के दमट असली, तर त्याच हिशेबाने घनमीटरला चार ग्रॅमच पाणी सुटते, आपल्या पाचवा हिस्सा. तिकडच्या फ्रीजला जी खोड वर्षभर कळणार नाही, ती इकडे मृगाच्या पावसात पंधरा दिवसांत उघडी पडते.

शाळेत हे दाखवायला फ्रीज लागत नाही. स्टीलच्या कोरड्या पेल्यात पाणी आणि बर्फाचे चार खडे घालून तो वर्गात टेबलावर ठेवा. दहा मिनिटांत पेल्याला बाहेरून घाम फुटतो. मुले म्हणतील, पेला गळतो. मग पेल्यातल्या पाण्यात थोडा रंग कालवून पुन्हा करून दाखवा. बाहेरचे पाणी बिनरंगी निघाले की त्यांची खात्री पटेल की ते हवेतूनच आले. बर्फात मूठभर मीठ घातले तर पेल्याच्या बाहेर दव न राहता पांढरा भुरा बर्फ धरतो. तोच कॉइलवरचा बर्फ.

हा बर्फ रोजच्या रोज वितळवून टाकण्याची सोय फ्रीजमध्ये केलेली असते. कॉइलखाली एक हीटर असतो. सहा ते बारा तासांनी एकदा कॉम्प्रेसर थांबतो, वीस-तीस मिनिटे हीटर लागतो, बर्फ वितळतो, पाणी एका भोकातून नळीने मागच्या ताटलीत जाते आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जाते. वेळ झाली हे सांगणारा टायमर, कॉइल पुरेशी गार आहे की नाही ते बघून हीटरला वीज देणारा बटणाएवढा थर्मोस्टॅट आणि फाजील तापले तर तुटणारा फ्यूज, अशी ही साखळी आहे. नव्या फ्रीजमध्ये टायमरच्या जागी इलेक्ट्रॉनिक कार्ड असते. या साखळीतली एक कडी तुटली की हीटर लागत नाही. कॉइलच्या पाकळ्यांमध्ये बर्फ दाटत जातो, पंखा हवा ओढायला बघतो पण तिला वाट नसते. कॉइल वरच्या कप्प्याला चिकटूनच असल्याने तो गार राहतो. खालच्या कप्प्याला मात्र सगळी थंडी हवेवाटे यायची, तो उपाशी मरतो.

वरचा बर्फ घट्ट आहे यावर फार विसंबू नये. बर्फ उणे दोन अंशांवरही घट्ट असतो आणि उणे अठरावरही. निरोगी फ्रीजरमध्ये उणे अठराच्या आसपास तापमान असावे. हे दुखणे वाढत गेले की ते उणे आठ-दहावर येते, आणि बोटाला फरक कळत नाही. आइस्क्रीमला मात्र कळतो. ते चमच्याने लोण्यासारखे निघू लागले, तर वरच्या कप्प्याचीही घसरण सुरू झाली म्हणायची.

मेकॅनिकला बोलावण्याआधी घरच्या घरी पाहता येईल असे पुष्कळ आहे. पहिले म्हणजे वरचा कप्पा किती कोंबला आहे ते बघा. मे महिन्यात चाकरमानी मंडळी यायच्या आधी आमरसाचे डबे भरून ठेवायचे, आणि पावसाळी मासेमारी बंद होण्यापूर्वी सुरमई-बांगड्याच्या पिशव्या, हा आपला शिरस्ता. हे डबे मागच्या भिंतीला टेकले, की हवेची जाळी बंद. यंत्रात काही बिघाड नसताना खालचा कप्पा कोमट! मागे चार बोटे जागा मोकळी ठेवा. खाली भाजीच्या पिशव्या हवेच्या तोंडाशी कोंबू नका.

दुसरे बटण. पुष्कळ जुन्या दोन दारी फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यातले बटण थंडी कमी-जास्त करीतच नाही. ते झडप हलवते. वर जास्त हवा द्यायची की खाली, एवढेच ते ठरवते. खाली गार होत नाही म्हणून आपण ते शेवटच्या आकड्यावर नेतो, आणि झडप मिटून खालची उरलीसुरली हवाही तोडतो. आमच्याकडे मीच हा पराक्रम केला होता. वरचे बटण मधल्या खुणेवर आणा आणि एक रात्र वाट पाहा.

तिसरे दाराचे रबर. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा आणि नोट ओढा. थोडी अडून आली तर रबर चांगले. सरकन सुटली तर तिथून दमट हवा रात्रंदिवस आत जाते आहे. असे चारी बाजूंनी करून पाहा. रबरावर काळी बुरशी किंवा आमरसाचा चिकटा असेल तर कोमट साबणपाण्याने पुसा. एवढ्याने निम्मी रबरे ताळ्यावर येतात.

मग पंख्याचा कानोसा घ्या. कॉम्प्रेसर चालू असताना वरचे दार उघडा. पुष्कळ फ्रीजमध्ये दार उघडताच पंखा थांबतो, म्हणून दाराच्या चौकटीतले दिव्याचे किंवा पंख्याचे बटण बोटाने दाबून धरा. घरघर ऐकू आली आणि जाळीशी हात धरल्यावर वारा लागला, तर पंखा ठीक. आवाज आहे पण वारा नाही, तर कॉइल बर्फाने बुजली असावी. टकटक असा आवाज आला तर पंख्याचे पाते बर्फाला घासते आहे. काहीच आवाज नसेल तर पंखा गेला असण्याचा संभव आहे. मात्र काही नव्या फ्रीजमध्ये पंखा थोड्या वेळाने लागतो, तेवढा धीर धरा.

यानंतरची परीक्षा सर्वांत मोठी. आमच्याकडे ती त्या दोन दिवसांच्या अंधाराने आपोआप घेतली. प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. सामान बाहेर काढा, दोन्ही दारे उघडी ठेवा, खाली जुनी फडकी अंथरा आणि पुरे चोवीस तास फ्रीज तसाच राहू द्या. पडद्याआडचा बर्फ जाडजूड असतो, तीन-चार तासांत तो जात नाही. घाई असेल तर कढत पाण्याचे पातेले वरच्या कप्प्यात ठेवा. मग फ्रीज कोरडा पुसून चालू करा. दुसऱ्या दिवसापर्यंत खाली चांगले गार झाले, आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा कोमट झाले, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या साखळीत आहे. वितळवूनही खाली गारवा आलाच नाही, तर पंखा किंवा झडप. आणि महिनोन् महिने बरे चालले, तर बहुधा एखाद्या रात्री दार अर्धवट उघडे राहिले होते, एवढेच.

हे करताना सुरी, स्क्रूड्रायव्हर, नारळ सोलायची कोयती यांपैकी काहीही बर्फाला लावू नका. कॉइल पातळ ॲल्युमिनियमची असते. तिला टोचा पडला की गॅस खरोखरच जातो, आणि आजच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा पेट घेणारा वायू असतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून प्लगला हात लावू नका, आणि मागचा पडदा स्वतः उघडू नका.

एका दाराच्या फ्रीजचे थोडे निराळे. १९५८ साली गोदरेजने भारतीय बनावटीचा फ्रीज काढला, त्या काळापासूनची ही साधी घडण अजून घरोघर आहे. तिच्यात पंखा नाही, बोगदा नाही. वर बर्फाची पेटी, आणि जड गार हवा आपसूक खाली उतरते. पेटीवर पाव इंचाहून जाड बर्फ साचला की तो गोधडीसारखा थंडी आत कोंडून धरतो. तेवढा होण्याआधीच बटणाच्या मध्यावरची कळ दाबून तो वितळवावा. बर्फ गेला की कळ आपोआप सुटते. आणि कप्प्यांवर डाग पडू नयेत म्हणून वर्तमानपत्रे किंवा प्लॅस्टिक अंथरण्याची हौस टाळावी. उतरणारी हवा त्या अंथरुणावरच अडते.

गॅस कधीच कमी होत नाही असे नाही. पण तो स्कूटरच्या पेट्रोलसारखा वापरून संपत नसतो. बंद नळीतून तोच पुन्हा पुन्हा फिरतो. कमी झाला याचा अर्थ कुठे तरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने नळ्या गंजतात, हेही खरे. तेव्हा मेकॅनिकला एकच विनंती करा, की गॅस भरण्याआधी मागचा पडदा उघडून कॉइल दाखवा. संबंध कॉइलवर सारखा जाड पांढरा बर्फ असेल तर गॅस भरपूर आहे, हीटरची बाजू तपासायला हवी. कॉइलच्या एखाद्या टोकालाच बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी, असे असेल तर गॅसचा संशय रास्त आहे. हा फरक कोणाही माणसाला डोळ्यांनी दिसतो.

दूध नासले तर चहा जातो. पण या दुखण्यात याहून वाईट गोष्टी होतात. खालच्या कप्प्यात पाच अंशांपर्यंत थंडी असावी. ती बारा-पंधरावर गेली, की जंतूंना मोकळे रान मिळते. बांगडा, तारली, कुपा हे मासे अशा कोमट जागी राहिले तर त्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते शिजवून जात नाही, तळूनही जात नाही, आणि वासावरून दर वेळी कळेलच असे नाही. असे मासे खाल्ल्यावर तासा-दोन तासांत तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात. आपण म्हणतो, "बांगड्याने पित्त उठले." कधी कधी तो दोष पित्ताचा नसतो, फ्रीजचा असतो. ताजा मासा आणल्याबरोबर वरच्या कप्प्यात ठेवा, आणि खालचा कप्पा कोमट झाल्याचा संशय आला तर त्यात राहिलेला मासा खाऊ नका. गोठवलेला मासा वितळवायचा तोही ओट्यावर नव्हे, आणि तो त्याच दिवशी संपवावा.

दुसरी गोष्ट आमच्या आईच्या इन्सुलिनची. खाली गार नाही असे कळल्यावर घरातल्या शहाण्या माणसाने तिच्या बाटल्या उचलून वर, बर्फात ठेवल्या. हेतू चांगला होता. पण न उघडलेली इन्सुलिनची बाटली दोन ते आठ अंशांत ठेवायची असते. एकदा गोठले की ते इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते, मग वितळल्यावर ते दिसायला कितीही स्वच्छ असो. आमच्या तीन बाटल्या अशा गेल्या. फ्रीज कोमट झालाच तर बाटली शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवा. तेही जमले नाही तर तोंड रुंद असलेल्या थर्मासात बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवा आणि बर्फाला बाटली लागणार नाही अशी वर ठेवा. वापरात असलेली उघडी बाटली साधारण महिनाभर घरातल्या गार, सावलीच्या जागी चालते. किती दिवस आणि किती तापमानाला, ते तिच्या वेष्टनावर छापलेले असते. देशावर ओल्या माठात औषध ठेवतात. आपल्या दमट हवेत माठाचे पाणीच फारसे उडत नाही, म्हणून पावसाळ्यात माठावर भरवसा नको.

या सगळ्याला एक स्वस्त पहारेकरी आहे. औषधाच्या दुकानात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतो तसला उणे अंशही दाखवणारा साधा तापमापक आणा. ताप पाहायचा थर्मामीटर यासाठी चालत नाही. पाण्याने भरलेल्या पेल्यात तो उभा करून पेला मधल्या फळीवर ठेवा. पाण्यात अशासाठी, की दार उघडताच हवेचा आकडा उडतो, पाण्याचा उडत नाही. पहाटे, कोणी दार उघडण्यापूर्वी वाचा. दोन ते पाचच्या मध्ये आकडा असला तर निर्धास्त असा. रोज अर्धा-अर्धा अंश चढत गेला तर पाट तुंबू लागला आहे, आणि दूध नासायला अजून चार दिवस अवकाश आहे.

मेकॅनिकला फोन करताना "फ्रीज बिघडला" एवढेच सांगू नका. रत्नागिरीहून पावसला यायचे, बिघाड पाहायचा, भाग आणायला परत जायचे, यात त्याचा दिवस जातो आणि तुमचे पैसे. असे सांगा: "दोन दारी आहे, वर बर्फ आहे, खाली गार नाही, चोवीस तास बंद ठेवला तेव्हा बरा झाला, बारा दिवसांनी पुन्हा तेच, पंख्याचा आवाज येतो, वारा येत नाही." जाणता माणूस एवढ्यावरून हीटर, थर्मोस्टॅट आणि फ्यूज पिशवीत टाकूनच निघेल. आमच्याकडे तिसऱ्या खेपेला आलेल्या मेकॅनिकने पडदा उघडला तेव्हा कॉइल नव्हतीच, पांढरी भिंत होती. ती वितळल्यावर त्याने मीटर लावून एकेक कडी तपासली. हीटर चांगला, फ्यूज चांगला. गेला होता तो बटणाएवढा थर्मोस्टॅट. तो बदलायला अर्धा तास लागला, आणि खर्च आला तो एका वेळच्या गॅसच्या पैशांत पुष्कळ उरेल इतका.